काच घासली, पाणी बदललं, तरी शेवाळ परत का येतं?

जिवंत वनस्पतींचा फिशटँक मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा टप्पा येतो. सुरुवातीचे दिवस पाणी लख्ख असतं, झाडं ताठ उभी असतात. मग काचेवर तपकिरी थर धरतो, पानांच्या कडेला काळी लव उगवते, मॉसमध्ये (दगड-लाकडावर लावायच्या मऊ, झुपकेदार झाडात) हिरवे धागे गुंतत जातात. काच घासून, पाणी बदलून, एखादं औषध ओतून आठवडाभर बरं दिसतं आणि पुन्हा तेच. सल्ला विचारावा तर एक जण दिवा कमी करा म्हणतो, दुसरा खत बंद करा म्हणतो, तिसरा खत वाढवा म्हणतो.

गंमत म्हणजे हे तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या टँकमध्ये खरे ठरलेले असतात. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. शेवाळ येण्याचं कारण वेगळं आणि ते टिकण्याचं कारण वेगळं. येण्याचं कारण एक असतं. एकदा जम बसला की ते स्वतःला टिकवण्याची सोय स्वतःच करून घेतं. आपण बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकाच बाजूवर काम करतो. नुसती सफाई केली की कारण शिल्लक राहतं आणि नुसतं कारण दुरुस्त केलं की जमलेलं शेवाळ हटत नाही. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे उपाय आपोआप जागेवर बसतात.

## शेवाळ म्हणजे नेमकं कोण?

आपण एकाच नावाने ज्यांना हाक मारतो ते सगळे जीव एकमेकांचे जवळचे नातेवाईक नसतात. नव्या टँकमध्ये काचेवर आणि वाळूवर येणारी तपकिरी, बोटाने सहज पुसली जाणारी धूळ म्हणजे डायटम. हे एकपेशीय जीव असतात आणि त्यांच्याभोवती सिलिकाचं कवच असतं. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके, मॉसमधले लांब धागे आणि पाणी हिरवंगार करणारे तरंगते सूक्ष्म जीव हे बहुतांश हिरव्या शेवाळांच्या गटातले.

काळं, ब्रशसारखं झुपकेदार शेवाळ, ज्याला हौशी मंडळी ‘बीबीए’ (ब्लॅक बिअर्ड अल्गी) म्हणतात, ते प्रत्यक्षात लाल शेवाळ आहे. पटत नसेल तर त्याचा एक झुपका कापून थोड्या स्पिरिटमध्ये टाकून पाहा. हिरवं हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, पण लाल रंगद्रव्य उतरत नाही, त्यामुळे काळा दिसणारा झुपका हळूहळू लालसर होतो. हरणाच्या शिंगांसारखं फाटे फुटलेलं करडं शेवाळसुद्धा याच गटातलं.

आणि निळसर हिरवा, बुळबुळीत, कुबट वास येणारा, चादरीसारखा अख्खा सोलून निघणारा थर हे शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. इतक्या जुन्या आणि चिवट जिवाला टँकमधून कायमचं हद्दपार करू, अशी आशा न धरलेली बरी.

या सगळ्यांचे बीजाणू किंवा पेशी प्रत्येक नव्या झाडाबरोबर, माशाच्या पिशवीतल्या पाण्याबरोबर, ओल्या जाळीबरोबर येत राहतात. म्हणून ‘हे आलं कुठून?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. ते सगळ्यांच्याच टँकमध्ये आहे. काही टँकमध्ये ते वाढतं आणि काहींमध्ये वाढत नाही, हा फरक समजून घ्यायचा.

## झाडांना प्रकाश मिळतो, पण कार्बन कुठून मिळणार?

झाडाच्या सुक्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कार्बन असतो. जमिनीवरचं झाड तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतं. पाण्यातल्या झाडाचे तिथेच हाल होतात. हा वायू पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. शिवाय पानाच्या पृष्ठभागाला जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो आणि वायूला तो ओलांडून आत जावं लागतं. २५ अंश सेल्सिअसला उघड्या हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात हा वायू लीटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा किंचितच जास्त असतो. दिवा लागून काही तास झाले की दाट झाडांच्या टँकमध्ये तेवढाही उरत नाही. सिलिंडर लावून वायू सोडणारे लोक २० ते ३० मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवतात. या आकड्यांतली दरी पाहिली की झाडं कशासाठी तडफडतात ते कळतं.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला एक नियम आहे: वाढीचा वेग सगळ्यांत तुटपुंजा घटक ठरवतो. बाकी सगळं मुबलक असून उपयोग नसतो. टँकमध्ये प्रकाश वाढवणं सर्वांत सोपं, कारण हल्लीचे एलईडी दिवे फार ताकदवान आहेत आणि दिव्याचं बटण आपल्या हातात आहे. प्रकाश वाढला की झाडाची कार्बनची, नायट्रोजनची, पोटॅशियमची, लोहाची मागणी त्याच वेगाने वाढते. ती पुरली नाही की झाड जुन्या पानांतलं पोषण ओढून नव्या कोंबाला देतं. जुनी पानं पिवळी पडतात, त्यांना भोकं पडतात, त्यांतून शर्करा आणि इतर सेंद्रिय द्रव्यं पाण्यात झिरपायला लागतात. शेवाळाचा पहिला धागा बहुधा अशाच पानावर रुजतो.

शेवाळाची गरज मात्र क्षुल्लक असते. त्याला मूळ, खोड, जाड पान काही पोसायचं नसतं. एकेक पेशी किंवा केसाएवढा धागा थेट पाण्यातून हवं ते घेतो. ज्या तुटवड्यात झाड खंगतं, त्यात शेवाळ आरामात जगतं. म्हणून टँकमधलं शेवाळ बघायच्या आधी मी झाडं बघायला सांगेन. नवे कोंब कसे आहेत, खालची पानं कशी आहेत, मागच्या महिन्यात छाटणी करावी लागली का? छाटणीच करावी लागत नसेल, तर झाडं वाढत नाहीत आणि दुखणं तिथेच आहे.

## उथळ तळ्यांनी दाखवून दिलेली गोष्ट

आता टिकण्याचं कारण. याचा सर्वांत चांगला पुरावा फिशटँकमधून येत नाही, तळ्यांमधून येतो.

डच परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उथळ तळ्यांबद्दल एक मांडणी केली. तळं उथळ असेल तर त्याच पोषणमात्रेत ते दोन अगदी भिन्न अवस्थांत राहू शकतं: पाणवनस्पतींनी भरलेलं, नितळ, किंवा शेवाळाने भरलेलं, गढूळ. दोन्ही अवस्था स्थिर असतात, म्हणजे प्रत्येक अवस्था स्वतःला धरून ठेवते. वनस्पती असल्या की त्या गाळ बांधून ठेवतात, पाण्यातलं पोषण शोषतात, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जिवांना आसरा देतात; त्यामुळे पाणी नितळ राहतं आणि नितळ पाण्यात वनस्पती वाढतात. शेवाळ माजलं की तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही, वनस्पती मरतात आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं.

नेदरलँड्समधल्या फेलुवे सरोवराची नोंद या बाबतीत फार बोलकी आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी पाण्यातला फॉस्फरस लीटरमागे ०.१५ मिलिग्रॅमच्या वर गेला, तेव्हा तळाशी असलेल्या वनस्पती कोसळल्या. पुढे फॉस्फरस कमी करत आणला गेला. पण ०.१५ च्या खाली आल्यावर लगेच वनस्पती परतल्या नाहीत. १९९० च्या दशकात तो ०.१० च्याही खाली गेला, तेव्हा कुठे त्या पुन्हा पसरल्या. जाण्याचा आणि येण्याचा उंबरठा वेगळा होता.

शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पीक दाट उगवून आलं की त्याच्या सावलीत तण मान वर काढत नाही. पण तण आधी माजलं, तर नंतर कितीही चांगलं खतपाणी करा, पीक दबलेलंच राहतं. आधी खुरपणी करावी लागते आणि त्याच वेळी पिकाला जोरही द्यावा लागतो.

टँकमध्येही हेच घडतं. शेवाळाने मढलेल्या पानापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. ते पान कमजोर होतं, त्यातून आणखी सेंद्रिय द्रव्यं झिरपतात, ते कुजतं, कुजताना अमोनिया सोडतं आणि त्यावर आणखी शेवाळ पोसतं. अशा टँकमध्ये दिव्याचे दोन तास कमी केले की पूर्वी जे टळलं असतं, ते आता टळत नाही. ‘मी सगळं बरोबर करतोय तरी फरक पडत नाही’ ही तक्रार खरी असते. उंबरठा सरकलेला असतो.

म्हणून दोन कामं एकाच दिवशी करायची: जोराची खुरपणी आणि कारणाची दुरुस्ती.

## सफाईचा दिवस

हात घालण्यापूर्वी हीटर, फिल्टर, दिवा यांची वीज बंद करा. मग आधी पानं. ज्या पानाचा निम्म्याहून जास्त भाग शेवाळाखाली आहे ते पान देठापासून कापा. जीव होत नाही, विशेषतः ॲन्युबियासचं पान असेल तर, कारण त्याला एकेक पान काढायला आठवडे लागतात. पण मढलेलं जुनं पान झाडाला काही देत नाही, उलट ते शेवाळाचं बियाणं सांभाळत बसतं. झाडावर चार चांगली पानं उरली तरी पुरे.

धाग्यांसाठी जुना टूथब्रश सर्वांत उत्तम. तो मॉसमध्ये खुपसून एकाच दिशेने गोल फिरवायचा. धागे दात्यांभोवती गुंडाळले जातात आणि गुच्छच्या गुच्छ निघतो. ओढायची घाई केली तर मॉसही उपटून येतं, म्हणून दुसऱ्या हाताने मॉस दगडावर दाबून धरा. काचेवरच्या कडक ठिपक्यांना स्पंज दाद देत नाही. तिथे ब्लेड काचेला तिरकं टेकवून खरवडावं लागतं. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड चालणार नाही, ओरखडे पडतील. जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड वापरा. वाळूतून ब्लेड न्यायचं नाही. एक कण अडकला तरी काचेवर कायमची रेघ उमटते.

दगड-लाकडावरच्या काळ्या झुपक्यांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट सोडता येतं. पाण्याचा प्रवाह बंद ठेवून, चार लीटर पाण्यामागे १ मिलिलीटरपेक्षा जास्त नाही, आणि पाचेक मिनिटांनी फिल्टर सुरू. बुडबुडे येतात. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी किंवा पांढरे पडतात, म्हणजे ते मेले. मॉस आणि नाजूक पानांची झाडं याने भाजतात, कोळंबी असेल तर मात्रा आणखी कमी ठेवा.

शेवटी तरंगणारा सगळा कचरा सायफनने ओढून घेत निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तापमानाने टँकच्या जवळपासचं असावं. फिल्टरचा स्पंज काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळून घ्या. क्लोरीनच्या नळाखाली धुतला तर अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि घाण साफ करता करता आपणच नवी घाण तयार करतो.

इतकं पाणी बदललं तर मासे दगावतील का? तापमान आणि क्लोरीन सांभाळलं तर नाही. अपवाद एकच: ज्या टँकचं पाणी कित्येक महिने बदललेलंच नाही, त्यात पीएच आणि क्षार इतके बदललेले असतात की एकदम निम्मं पाणी धक्कादायक ठरतं. तिथे दोन आठवड्यांत थोडं थोडं करत जा.

## दिवा किती, आणि केव्हा?

सफाईनंतर पहिला बदल दिव्यात करा. दिवसाला ६ तास, आणि दिव्याला मंद करायची सोय असेल तर निम्म्या तेजावर. टायमर लावलाच पाहिजे. हाताने लावलेला दिवा कधी सात तास चालतो, कधी अकरा. झाडं सावरली की दर एक-दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत ८ तासांपर्यंत जाता येतं. त्यापुढे बहुतेक टँकना काही मिळत नाही.

‘प्रकाश कमी केला तर झाडं मरतील’ ही भीती बोलून दाखवली जाते. ॲन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, मॉस ही घरगुती टँकमधली नेहमीची मंडळी मुळात सावलीत वाढणारी आहेत. लाल पानांची आणि जमिनीवर गालिचा करणारी झाडं जास्त प्रकाश मागतात, हे खरं. पण तसा प्रकाश हवा असेल तर तितका कार्बनही द्यावा लागेल. सिलिंडर नसताना दिवा पूर्ण ताकदीने लावणं हे मला या छंदातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत सहज टाळता येणारं नुकसान वाटतं.

खिडकीजवळचा टँक वाईटच असतो असं नाही. अडचण इतकीच की ऊन आपल्या टायमरवर चालत नाही. खिडकीतून दोन तास थेट ऊन येत असेल तर दिव्याचे तास त्या हिशेबाने कमी करा किंवा मागची काच कागदाने झाका.

## कार्बन वाढवण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं महत्त्वाचं

सिलिंडर असलेल्या टँकमध्ये काळे झुपके हटत नसतील, तर माझा पहिला संशय वायूच्या चढउतारावर जातो. कधी बुडबुडे जास्त, कधी सिलिंडर संपलेला, कधी दिवा आणि वायू एकाच वेळी सुरू. वायूला टँकभर पसरायला वेळ लागतो, म्हणून तो दिवा लागण्याच्या एक-दोन तास आधी सुरू करून दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद करायचा. टँकमध्ये लटकवायचा, वायूचं प्रमाण रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर पिवळसर हिरवा दिसला की प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, निळा असेल तर कमी आणि पूर्ण पिवळा असेल तर माशांसाठी धोका. पण तो एक-दोन तास उशिराने रंग बदलतो, त्यामुळे मासेच खरे मापक. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले की वायू ताबडतोब बंद आणि एअर पंप सुरू.

सिलिंडर नसलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. पृष्ठभागावर तरंगणारी झाडं, साल्विनियासारखी, कार्बन थेट हवेतून घेतात. पाण्यातल्या तुटवड्याचा त्यांना त्रासच नाही. ती झपाट्याने वाढतात, अमोनिया आणि नायट्रेट ओढून घेतात, वर सावलीही करतात. हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला ही बुडालेली पण वेगाने वाढणारी झाडंही सफाईच्याच दिवशी भरपूर लावा. टँक सावरल्यावर ती काढून टाकता येतील. काढलेली झाडं कचऱ्यातच टाका, ओढ्या-नाल्यांत नाही. साल्विनियाने जगभरातली कितीतरी जलाशयं व्यापून टाकली आहेत.

## पण खत घातलं तर शेवाळालाच मिळेल ना?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो बिनबुडाचा नाही. कॅनडातल्या एक्सपेरिमेंटल लेक्स एरियामध्ये, म्हणजे प्रयोगांसाठी राखलेल्या तळ्यांच्या प्रदेशात, शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या पथकाने १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचं तळं पडदा टाकून दोन भागांत विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसच्या बाजूला शेवाळ फुललं, दुसरी बाजू जवळपास नितळ राहिली. विमानातून काढलेल्या त्या फोटोने सांडपाण्यातल्या फॉस्फेटविरुद्धचे कायदे घडवायला मोठी मदत केली.

हाच विचार हौशी मंडळींनी टँकला लावला. १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी झाडांना बाकी सगळं द्या, पण फॉस्फेट तुटपुंजं ठेवा, म्हणजे शेवाळ उपाशी राहील, अशी पद्धत मांडली. ती खूप चालली. नंतर टॉम बार यांनी कार्बन पुरेसा असलेल्या, झाडांनी भरलेल्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट घातलं आणि शेवाळ आलं नाही. त्यातून ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ नावाची पद्धत निघाली: सगळं पोषण गरजेपेक्षा थोडं जास्त द्यायचं आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून उरलेलं काढून टाकायचं.

मग तळ्याचा प्रयोग खोटा का? मुळीच नाही. लीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस गेला की तळ्याला अतिपोषित म्हणायला सुरुवात होते. माशांना रोज खाऊ घातला जातो अशा टँकमध्ये त्याच्या कित्येक पट फॉस्फरस एरवीच असतो. त्या रेषेखाली टँक नेणं जवळजवळ अशक्य, आणि नेलाच तर शेवाळाआधी झाडं उपाशी मरतील. तळ्यात पोषण ही वाढीची लगाम असते. टँकमध्ये ती लगाम कधीच सुटलेली असते. हातात उरतात प्रकाश, कार्बन आणि झाडांची दाटी.

मध्यम प्रकाशाच्या टँकमध्ये नायट्रेट १० ते २० आणि फॉस्फेट १ ते २ मिलिग्रॅम राहिलं तर काळजी नको. उलट नायट्रेट शून्यावर गेलेल्या टँकमध्ये सायनोबॅक्टेरियाची चादर आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टँकमध्ये काचेवरचे हिरवे ठिपके जास्त दिसतात, असा अनेक हौशींचा अनुभव आहे.

अमोनियाची गोष्ट वेगळी. तो माशांना विषारी आहे आणि अमोनिया व भरपूर प्रकाश एकत्र आले की पाणी हिरवं होण्याचा धोका वाढतो. नव्या टँकमध्ये त्याला पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे जातात. त्या काळात दिवा कमी, मासे कमी, पाणी वारंवार बदलायचं. शेतीचं युरियायुक्त खत टँकमध्ये घालू नका.

## शेवाळ खाणारे मासे आणले की झालं?

मदत होते, सुटका होत नाही. ओटोसिंक्लस नावाचे छोटे मासे डायटम आणि मऊ हिरवा थर छान साफ करतात. नेराइट गोगलगाय काचेवरच्या ठिपक्यांवर काम करते. धाग्यांसाठी अमानो कोळंबी; जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी आपल्या जलोद्यानांत तिचा वापर रूढ केला म्हणून हे नाव. तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तिची संख्या वाढत नाही. काळे झुपके खाण्यासाठी सयामीज अल्गी ईटर प्रसिद्ध आहे, पण मोठा झाला आणि तयार खाद्य मिळू लागलं की तोही आळसावतो. त्याच्याच नावाने विकला जाणारा चायनीज अल्गी ईटर वेगळा मासा आहे. वयात आल्यावर तो इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांना छळतो.

काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा मात्र घेऊ नका. त्यातल्या नेहमीच्या जाती फूटभराहून मोठ्या होतात, झाडं उपटतात आणि खाल्लेल्या शेवाळापेक्षा कितीतरी जास्त घाण पाण्यात सोडतात. मग तो नकोसा झाला की नदीत सोडला जातो, आणि तिथे स्थानिक माशांची जागा घेतो.

## आणि बाटलीतली औषधं?

तांबं असलेली औषधं शेवाळ मारतात, पण कोळंबी आणि गोगलगायीही मारतात. ‘द्रव कार्बन’ म्हणून मिळणारं द्रव बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असतं, जे रुग्णालयांत उपकरणं निर्जंतुक करायला वापरलं जातं. काळ्या झुपक्यांवर ते चालतं, पण सिलिंडरची जागा घेत नाही, व्हॅलिस्नेरिया आणि काही मॉस त्याने वितळतात आणि त्याची वाफ श्वासाला त्रासदायक असते. सायनोबॅक्टेरियावर एरिथ्रोमायसिन लागू पडतं, कारण ते जिवाणू आहेत. तरीही माणसांच्या उपचारांत लागणारं प्रतिजैविक काचेच्या सफाईसाठी वापरून मोरीत ओतणं मला पटत नाही, विशेषतः अंधाराचा उपाय हाताशी असताना.

तो उपाय असा. सायनोबॅक्टेरियाचा थर सायफनने जमेल तितका काढा, पाणी बदला, टँक जाड कापडाने चारही बाजूंनी आणि वरून झाका, तीन दिवस उघडायचं नाही. वायू बंद, एअर पंप सुरू, खाऊ बंद. मोठे निरोगी मासे तीन दिवस सहज राहतात. झाडांच्या साठ्यात स्टार्च असतो, ती तग धरतात. चौथ्या दिवशी पुन्हा निम्मं पाणी बदला, कारण मेलेलं सगळं पाण्यात विरघळत असतं. हिरव्या पाण्यावरही हे चालतं. तिथे यूव्ही दिवा लावलेला फिल्टर त्याहून खात्रीचा. काचेवरच्या ठिपक्यांवर आणि काळ्या झुपक्यांवर मात्र अंधाराचा परिणाम नगण्य. यूव्हीही फक्त तरंगणाऱ्या जिवांना मारतो, चिकटलेल्यांना नाही.

## किती दिवस वाट पाहायची?

डायटम बहुधा काही आठवड्यांत स्वतःहून ओसरतात. पुसत राहा, बाकी काही करू नका. इतर प्रकारांत तीन-चार आठवड्यांआधी निकाल मागू नका आणि त्या काळात दिवा, वायू, खत असं सगळं दर दोन दिवसांनी हलवत बसू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. जुनी, डागाळलेली पानं पुन्हा सुंदर होत नाहीत. बघायचं ते नव्या पानांकडे. सफाईनंतर उगवलेली पानं स्वच्छ निघत असतील, तर दिशा बरोबर आहे, मग जुन्या पानांवर काहीही दिसो. ती हळूहळू कापत जा. नव्या पानाच्या कडेलाही काळी लव दिसली, तर दिवा आणखी कमी करा.

शंभर टक्के शेवाळमुक्त टँक मिळणार नाही. स्पर्धांच्या फोटोंमध्ये दिसणारे टँक फोटोच्या आधी बारकाईने घासलेले असतात. दर आठवड्याला पाणी बदलताना समोरची काच पुसणं कायमचं काम आहे. मागच्या काचेवरचा पातळ हिरवा थर मात्र राहू द्या. कोळंबी, गोगलगायी त्यावर चरतात. आणि ओटोसिंक्लस आणायचे असतील तर तो आधीपासून असायलाच हवा, कारण नव्याने आणलेले ओटो सुरुवातीला तयार खाद्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या टँकमध्ये उपाशी मरतात.